नैनितालला कधी जावं? तळं भरलेलं असताना

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कोणाला कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या गवताच्या जाळ्या, बदलायच्या असतात, कोणाचा पंप जळालेला असतो, कोणाच्या टाकीला गंज लागून भोक पडलेलं असतं. नागपुरात सक्करदऱ्याला माझं कूलरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. पैसे देता देता दर चार-पाच गिऱ्हाइकांमागे एकजण तरी सांगतो, "भाऊ, मे महिन्यात आम्ही नैनितालला चाललो. तुम्ही जाऊन आले ना? कसं आहे तिकडे?"

त्या गर्दीत नीट सांगणं होत नाही. मी एवढंच म्हणतो, "दिवाळीनंतर जा." समोरच्याचा चेहरा पडतो, कारण तिकिटं काढून झालेली असतात. म्हणून या वेळी दुकानाचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच बसून लिहितो आहे.

नैनितालला मी तीनदा गेलो आहे. आणखी एकदा निघता निघता राहिलो. चारही वेळा ऋतू वेगळा होता. त्यावरून माझं पक्कं मत झालं आहे की तुळशीचं लग्न लागल्यावर निघावं आणि नोव्हेंबर संपायच्या आत परतावं.

मे महिन्यात नागपूर सोडून पळावंसं वाटणं मला पूर्ण समजतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा मी दुकानातच होतो. सकाळी अकरा वाजता शटरला हात लावता येत नव्हता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आणि लहान लेकरांची खरोखर काळजी वाटते. माझं पोट त्या उन्हावर चालतं, तरीही सांगतो, त्या दिवसांत पहाडावर जायची ओढ खोटी नाही. माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली तेव्हा बायको म्हणाली, "पोरीची अख्खी शाळा संपली, एक उन्हाळा तरी तिच्यासोबत काढा." तिचं बरोबर होतं. दुकान आठ दिवस धाकट्या भावाच्या हाती दिलं आणि मे २०१७ मध्ये आम्ही तिघं निघालो.

नागपूरहून रात्रभरात दिल्ली, दिल्लीहून दुसरी रात्र काठगोदामच्या गाडीत. पहाटे उतरलो तेव्हा मुलगी खिडकीतून डोंगर बघून ओरडलीच. काठगोदाम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि नैनिताल एकोणीसशेच्या वर, म्हणजे पस्तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात जवळजवळ चौदाशे मीटर चढायचं. एरवी सव्वा-दीड तासाचा घाट. ज्योलीकोटच्या पुढे आमची टॅक्सी थांबली ती अडीच तास. वर गाड्या ठेवायला जागा नाही म्हणून पोलीस खालीच गाड्या अडवत होते. मुलीला दोनदा उलटी झाली. हवा थंड होती, पण डिझेलच्या वासाने भरलेली.

हॉटेल तळ्यासमोरचं होतं, रात्रीचे ४,८०० रुपये. खोलीत गेल्यावर कळलं की नळाला पाणी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. न्हाणीघरात दोन बादल्या भरून ठेवलेल्या. बायकोने विचारलं तर पोरगा म्हणाला, "मॅडम, झील में ही पानी नहीं है." मला वाटलं, सारवासारव करतो आहे. संध्याकाळी मॉल रोडवर फिरायला निघालो आणि काठावर उभा राहिलो तेव्हा त्याचं म्हणणं समजलं.

तळं खाली गेलं होतं. काठाच्या दगडी भिंतीवर ओल कधी कुठपर्यंत होती याच्या पांढुरक्या रेषा एकाखाली एक दिसत होत्या आणि पाणी त्या सगळ्यांच्या खाली. जिथे डोंगरावरचे नाले तळ्याला मिळतात, तिथे गाळाची बेटं उघडी पडली होती. त्यावर चिप्सची पाकिटं आणि चपला. किनाऱ्याची विलोची झाडं, ज्यांच्या फांद्या पाण्यावर टेकलेल्या फोटोत बघितल्या होत्या, त्या फांद्या वाळलेल्या चिखलावर लोंबत होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, हे फोटोतलं तळं नाही." मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकदा दुकान सोडून लेकीला आणलं होतं.

नावाड्याने मग नीट समजावलं. या गावाचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून उपसतात. तळ्यात पाणी येतं ते पावसाचं, चहूबाजूंच्या डोंगरांवरून नाल्यांनी आणि जमिनीतून झिरपून. वर सूखाताल नावाचा खोलगट भाग आहे, तिथे पावसाचं पाणी साचतं आणि जमिनीखालून या मोठ्या तळ्यात उतरतं. पाऊस सप्टेंबरात संपला की तिथून पुढे हिवाळाभर, उन्हाळाभर उपसा चालू. मग मे-जूनमध्ये, जेव्हा तळं सगळ्यात खाली गेलेलं असतं, तेव्हाच गावात सगळ्यात जास्त माणसं येतात आणि सगळ्यात जास्त पाणी लागतं.

कूलरवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही. टाकीत पाणी तळाला गेलं की पंप हवा ओढायला लागतो, ताटी वरून कोरडी पडते आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी झळच फेकतो. आम्ही दिवसातून दहादा लोकांना सांगतो, आधी टाकी बघा. मी स्वतः मात्र नैनितालला निघताना टाकी कधी भरते आणि कधी रिकामी होते हे कोणाला विचारलं नव्हतं.

मे महिन्याचं चांगलं तेही सांगतो. काफळ मिळतं, गडद लाल, बोराहून लहान, आत मोठी बी. रस्त्याकडेला बायका टोपलीत घेऊन बसतात आणि कागदाच्या पुडीत मीठ लावून देतात. आंबट-गोड, तोंडाला पाणी सुटेल असं. मुलीने चार दिवसांत किती खाल्लं हिशोब नाही. दिवसा पंचविशीच्या आसपास तापमान, रात्री अंगावर शाल घ्यावी लागते. दिवस मोठा, त्यामुळे संध्याकाळी सातलाही उजेड. पण हिमालय दिसला नाही. दोरखंडाच्या पाळण्यातून स्नो व्ह्यूला, बर्फाचे डोंगर बघायच्या टेकडीवर, चढलो, दुर्बिणवाल्याला पैसे दिले आणि समोर फक्त राखाडी धूसर. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, त्यात खालच्या चीडच्या, म्हणजे पाईनच्या, जंगलांत वणवे लागतात. चीडच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, एका ठिणगीने पेट घेतात. परतताना घाटात त्या धुराचा वास आमच्या कपड्यांना लागला होता.

ज्यांची लेकरं शाळेत आहेत आणि दुसरी सुट्टीच नाही, त्यांनी मेमध्ये जायचंच असेल तर नैनितालमध्ये न राहता जवळच्या भीमताल किंवा नौकुचियातालला राहावं. नैनितालला सकाळी लवकर जावं आणि दुपारपर्यंत परतावं. लेकरांना गर्दीतल्या तळ्यापेक्षा शांत तळं जास्त आवडतं.

जानेवारीत मी मित्रांसोबत गेलो, त्याबद्दल थोडक्यातच सांगतो. बर्फ पडेल या आशेने गेलो होतो, पडला नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फाची शक्यता असते, पण तुमच्या चार दिवसांतच तो पडेल असं नाही. सकाळी गवतावर गोठलेलं दंव दिसायचं, नळाचं पाणी हाताला चावायचं आणि दुपारी तळ्याच्या सावलीकडच्या बाजूला, ठंडी सडकेवर, उभं राहवत नव्हतं. त्यात उत्तरेतलं धुकं. परतीची गाडी दिल्लीहूनच नऊ तास उशिरा सुटली आणि फलाटावर आम्ही कुडकुडत बसलो. तरुण पोरांनी जावं, घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन जाऊ नये.

आता न झालेल्या खेपेची गोष्ट. माझ्या आईला आयुष्यात एकदा बर्फाचे डोंगर बघायचे होते. ती काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. वय झालं, गुडघे दुखतात, पण ही इच्छा तिने कधी सोडली नाही. २०२१ मध्ये दसरा १५ ऑक्टोबरला होता. सगळे सांगतात, ऑक्टोबर उत्तम, पाऊस संपलेला असतो. मी दसऱ्यानंतरची तिकिटं काढली, आईचे गरम कपडे आणले.

१७ तारखेपासून तिकडे पाऊस सुरू झाला. १८ आणि १९ ऑक्टोबरला कुमाऊंत, म्हणजे नैनितालच्या त्या डोंगराळ भागात, जे झालं ते विसरण्यासारखं नाही. नैनितालच्या वरच्या बाजूला मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. तळं भरून मॉल रोडवर आलं, नैनितालचे रस्ते तुटले. काठगोदामला गौला नदीने रेल्वेचा रूळ खालून कोरून नेला. कितीतरी माणसं गेली. १९ ला कोजागरी होती. आमच्या गच्चीवर दूध आटवलेलं होतं, चंद्र स्वच्छ होता आणि खाली टीव्हीवर तो रूळ हवेत लोंबताना दाखवत होते. आईने दुधाचा पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. म्हणाली, "त्या गावातली लेकरं कुठं असतील रे आता?" तिच्या मनात आपली यात्रा हुकली हे आलंही नाही.

तेव्हापासून मी कोणालाही ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत जा असं सांगत नाही. सगळ्या वर्षी असं होत नाही हे खरं. पण पाऊस परतताना कधी कधी जोरात फिरतो आणि ते डोंगर कच्चे आहेत. १८ सप्टेंबर १८८० ला नैनितालमध्येच मोठी दरड कोसळली आणि १५१ माणसं दगावली. मल्लीतालचं, म्हणजे तळ्याच्या वरच्या टोकाचं, जे मोठं मैदान आहे, ज्याला तिथे फ्लॅट्स म्हणतात, ते त्या दरडीच्या मातीने वाढलेलं आहे. त्यानंतर डोंगरांवरचं पाणी नीट खाली यावं म्हणून तिथे नाल्यांचं जाळं बांधलं. आज तळ्याला पाणी पुरवतात ते हेच नाले. जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नये, दरडींनी रस्ते बंद पडतात.

२०२२ मध्ये दिवाळी लवकर होती, २४ ऑक्टोबरला. मी आईला म्हटलं, या वेळी दिवाळी घरी करू, तुळशीचं लग्न लावू आणि मगच निघू. तोवर आकाशाचं काय ते कळेल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई, बायको आणि मी निघालो. आईने सोबत पिशवीभर संत्री घेतली, आंबिया बहाराची, तिच्या भावाच्या बागेतली. मी म्हटलं, "आई, ओझं कशाला?" ती म्हणाली, "कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नसतात."

घाट तासाभरात चढलो. रस्त्यावर गाडी थांबवावी लागली ती फक्त आईला चहा हवा होता म्हणून. आम्ही मल्लीतालच्या वरच्या अंगाला एका बाईंच्या घरात दोन खोल्या घेतल्या होत्या, रात्रीचे १,९०० रुपये. घराला सत्तर पायऱ्या होत्या, ही माझी चूक, आधी विचारायला हवं होतं. बाईंच्या मुलाने आणि मी मिळून आईला खुर्चीत बसवून वर नेलं. वृद्ध माणूस सोबत असेल तर पायऱ्या किती हे फोनवर नक्की विचारा. तिथलं अर्धं गाव पायऱ्यांवरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एकटा खाली उतरलो. तळं काठोकाठ नव्हतं, पण भिंतीवरची वरची रेषा आणि पाणी यांत वीतभराचंच अंतर होतं. विलोच्या फांद्या पाण्यात होत्या. पाण्यावरून वाफ उठत होती आणि नैना देवीच्या देवळातली घंटा पलीकडच्या अयारपाट्याच्या डोंगरावर आपटून परत ऐकू येत होती. नावाडी शेकोटीभोवती बसलेले, घाई कोणालाच नाही. २०१७ मध्ये नावेसाठी तास-दीड तास रांगेत उभे होतो. या वेळी नावाड्याने स्वतःहून चहा विचारला.

नाव तळ्याच्या मध्याकडे गेली तेव्हा मला पाण्यात एके ठिकाणी बुडबुड्यांचा मोठा फुगा फुटताना दिसला, जसं मोठ्या पातेल्यात पाणी उकळतं तसं. जरा पुढे दुसरा. मी विचारलं तर तो म्हणाला, खालून हवा सोडतात. तळ्याची खोली २७ मीटरच्या आसपास आहे. तळाशी प्राणवायू संपायचा, मासे मरायचे, म्हणून २००७ पासून काठावरच्या कॉम्प्रेसरमधून नळ्यांनी तळापर्यंत हवा पोचवतात. मी आयुष्यभर पंप आणि मोटरी उघडून बसणारा माणूस. नाव तिथे थांबवायला लावली आणि पंधरा मिनिटं ते बुडबुडे बघत राहिलो. वाकून ऐकलं तर बारीक सळसळ ऐकू येत होती. आजारी माणसाला प्राणवायू लावतात तसं गावाने आपल्या तळ्याला जगवलं आहे, हे बघून माझे डोळे भरून आले. मेमधल्या गर्दीत हे माझ्या नजरेलाही पडलं नव्हतं.

दहा वाजता आईला पाळण्यातून स्नो व्ह्यूला नेलं. आकाश असं निळं की डोळे मिटावेत. ती कठड्याला धरून उभी राहिली. समोर उत्तरेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी रांग. दुर्बिणवाला नावं सांगत गेला: त्रिशूल, ७,१२० मीटर, खरंच तीन टोकं दिसतात. नंदादेवी, ७,८१६ मीटर. नंदाकोट. आईने दुर्बीण नको म्हटलं. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग हात जोडले. पाऊस हवेतली धूळ धुऊन नेतो आणि नोव्हेंबरात ढग नसतात, म्हणून हे दिसतं. डिसेंबरातही दिसतं, पण तेव्हा म्हाताऱ्या माणसाला तासभर वाऱ्यात उभं करता येत नाही. अकरानंतर पहाडांवर थोडे ढग चढू लागतात, म्हणून सकाळीच जावं.

नोव्हेंबरात दिवसा ऊन कोवळं असतं, स्वेटरवर भागतं. रात्री मात्र सात-आठ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा कानटोपी आणि दोन रजया. साडेपाचला अंधार पडतो, त्यामुळे दिवस लहान वाटतो. फिरायचं ते चारपर्यंत आटपावं आणि संध्याकाळी मॉल रोडवर शांतपणे चालावं. आलू के गुटके आणि भांगाच्या बियांची चटणी खावी. अल्मोड्याची बाल मिठाई इथेही मिळते, घरी आणण्यासारखी.

आईची संत्री घरमालकीणबाईंनी हातात घेऊन हुंगली. त्यांनी सोलून एक फोड खाल्ली आणि म्हणाल्या, "इतना पतला छिलका!" दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात उन्हात त्यांनी आईला शेजारी बसवलं. त्यांचं पहाडी लिंबू नारळाच्या आकाराचं, जाड सालीचं. ते सोललं, फोडी मोकळ्या केल्या. त्यात दही, भाजून वाटलेलं भांगाचं बी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मुळ्याचे काप आणि गूळ घालून हाताने कालवलं. याला ते सना हुआ नींबू म्हणतात आणि थंडीत उन्हात बसूनच खातात. आंबट, तिखट, गोड, तेलकट, सगळं एकदम. आईने दोन वाट्या खाल्ल्या. बाई तिला पहिल्या दिवशी माताजी म्हणत होत्या, त्या दुपारपासून ईजा म्हणू लागल्या. कुमाऊंनीत ईजा म्हणजे आई.

आता एकच ऋतू माझा बघायचा राहिला आहे. मार्चमध्ये तिथे बुरांश फुलतो, लालभडक, अख्ख्या डोंगरावर. गर्दी अजून आलेली नसते आणि तळंही फार उतरलेलं नसतं. पण मार्च म्हणजे माझ्याकडे ताट्या भरायचे दिवस, मला जमणार नाही. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, ती मैत्रिणींसोबत होळीनंतर जाणार आहे. बुरांशचं सरबत आणते म्हणाली. मी तिला सांगितलं आहे, तल्लीतालच्या, म्हणजे तळ्याच्या खालच्या टोकाच्या, बाजूला भिंतीजवळ जा, पाणी कोणत्या रेषेला आहे त्याचा फोटो काढ आणि मला पाठव.